दोन सीटच्या गाड्या आणि मामांची बोलेरो

सॅन स्टॉर्म ही गाडी फार लोकांना आठवत नाही, म्हणून आधी तिच्याविषयी. बंगळूरला रेल्वेची शंटिंग इंजिनं बनवणाऱ्या सॅन कंपनीनं १९९८ साली ती बाजारात आणली, कारखाना गोव्यात. दोनच सीट, वरचं छत काढता येतं, बॉडी फायबरची आणि बॉनेटखाली रेनोचं ११४९ सीसीचं, साठ हॉर्सपॉवरचं इंजिन. आजच्या हिशेबात साठ म्हणजे काहीच नाही, आमच्या शेजाऱ्यांची वॅगन-आर हिच्यापेक्षा दमदार आहे. पण गाडी हलकी, आणि बसायची जागा जमिनीला इतकी लागून की साठच्या वेगात शंभरचा भास होतो. पोलिसांच्या दृष्टीनं यापेक्षा सोयीची स्पोर्ट्स कार नसेल.

ती फार खपली नाही. ज्यांच्याकडे उरली आहे त्यांची एकमेकांशी ओळख झाली ती सुट्या भागांपायी. इंजिन रेनोच्या जुन्या ट्विंगो-क्लिओ गाड्यांचं, त्यामुळे त्याचं सामान युरोपातून मागवता तरी येतं. दरवाजाची बिजागरी, काचेचं रबर, मागचा दिवा यांचं मात्र काही खरं नसतं. मग फोनाफोनी. ‘तुमच्याकडे डावीकडचं आहे का?’ या एका प्रश्नावर आमच्या मैत्र्या वर्षानुवर्षं टिकल्या आहेत. एकदा सगळ्यांनी समोरासमोर भेटू या, हे बोलणं बरेच दिवस चाललं होतं. पुण्यात हॉटेल घेऊ, टी-शर्ट छापू, ड्रोन लावू, असंही निघालं. मी म्हटलं, धुळ्याला या. दत्तजयंतीनंतरचा शनिवार-रविवार धरू, सारंगखेड्याची यात्रा बघू, तोरणमाळचा घाट चढू. समिती नाही, वर्गणी नाही, ज्याचं बिल त्यानं द्यायचं. अट एकच, कागदपत्रं चालू हवीत. आमच्या सगळ्यांच्या गाड्यांनी पंधरा वर्षं कधीच ओलांडली आहेत, म्हणजे फेरनोंदणी, पर्यावरण कर, विमा, पीयूसी हे सगळं आलं. एकाची फेरनोंदणी अडकली होती, त्याला मी स्पष्ट सांगितलं की बसनं ये. तो आलाच नाही.

साधीसुधी भेट ठरवणं सोपं आहे. खानदेशात ती साधी राहू देणं अवघड.

शुक्रवार : लळिंग आणि मामांचं शेत

एकत्र ताफ्यानं येऊ नका, हे मी सगळ्यांना बजावलं होतं. अशा गाड्या ओळीनं निघाल्या की मोटारसायकलवाली पोरं एका हातात मोबाइल धरून शेजारून चालतात, आणि त्यांचं लक्ष रस्त्यावर नसतं. म्हणून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरानं, आपापल्या वेगानं यायचं आणि लळिंगला थांबायचं, असं ठरलं. मुंबईकडून येताना धुळ्याच्या अलीकडे उजेडात किल्ला लांबूनच दिसतो, चुकायची सोय नाही.

पहिला आला नाशिकवाला. गाडी लाल, बोलणं भरपूर. मग पुण्याच्या डॉक्टरबाई, एकट्या; शेजारच्या सीटवर पान्यांची पेटी, तिला सीटबेल्ट लावलेला. गोव्याचं जोडपं पुण्यात मुक्काम करून निघालेलं, त्यामुळे उशिरा. इंदूरचे काका बिजासन घाट उतरून उत्तरेकडून थेट घरीच येणार होते. पाचवी गाडी माझी.

किल्ला चढायला कोणी तयार नव्हतं. फारुकी सुलतानांच्या काळातला किल्ला आहे, पलीकडच्या कुरणात लांडोर बंगला आहे, बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली तिथे राहिले होते आणि ३१ जुलैला तिथे गर्दी लोटते, एवढं मी सांगेपर्यंत चारही बॉनेट उघडी होती. पुढचा दीड तास कोणी मान वर केली नाही. कारण सरळ आहे. कारखान्यातून या गाड्या एकसारख्या निघाल्या असतील, पण आता त्यातल्या दोन सारख्या नाहीत. आरसे एका गाडीचे, काच फिरवायचं हँडल दुसरीचं, सायलेन्सर गॅरेजवाल्याच्या कल्पनेतला. नाशिकवाल्याच्या गाडीत तर हॉर्न रिक्षाचा. डॉक्टरबाईंनी इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या बदलून घेतल्या होत्या, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यानं फुगतं, मऊ पडतं. यावर सगळ्यांनी आपापल्या नळ्या चिमटीत दाबून पाहिल्या. गोवेकरांचा चेहरा उतरला.

जेवण मामांच्या शेतावर. मी मामांना फक्त ‘दहाएक माणसं येतील, भरीत करू’ एवढंच सांगितलं होतं. शेताच्या फाटकावर बारा फुटी बॅनर. ‘धुळे नगरीत सहर्ष स्वागत’, खाली मामांसह घरातल्या सगळ्या पुरुषांचे फोटो आणि मधोमध एक पिवळी लॅम्बोर्गिनी. छापणाऱ्याला इंटरनेटवर आमची गाडी सापडली नव्हती, म्हणून त्यानं जी सापडली ती टाकली. नाशिकवाल्यानं बॅनरपुढे उभं राहून पंचवीस फोटो काढले. मी मामांना बाजूला घेऊन बिलाचा विषय काढला, तर म्हणाले, ‘‘पाव्हणा येतीन आन् तू म्हनस, ज्यान्हं बिल त्यानी देवानं?’’ विषय तिथेच संपला. मग टॉवेल, टोपी, नारळ देऊन प्रत्येकाचा सत्कार झाला. डॉक्टरबाईंना आणि गोव्याच्या वहिनींना मामींनी कुंकू लावून ब्लाउजपीस दिले. इंदूरचे काका तेवढ्यात पोचले, त्यांना गाडीतून उतरायच्या आधीच टोपी घातली गेली. छत उघडं असल्यामुळे ते सहज जमलं.

भरिताबद्दल मात्र मी काही बोलणार नाही असं होणार नाही. वांगी हिरवी, मोठी, यावल तालुक्यातल्या बामणोदकडची. मामांच्या व्याह्यांनी मुद्दाम धाडलेली. त्यांना काडीनं टोचे मारून घेतले, नाहीतर जाळात फुटतात. शेतातल्याच वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि वांगी त्यात टाकली. कापसाच्या काड्यांचा जाळ भडकून उठतो आणि लवकर बसतो, त्यामुळे साल पूर्ण करपते, पण आतला गर कोरडा पडत नाही. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा वास येत नाही, आणि जे येतो म्हणतात त्यांनी पऱ्हाट्यांवरचं खाल्लेलं नसतं. साल काढून गर लाकडी बडगीत घातला आणि ठोंब्यानं ठेचायला घेतला. हे काम डॉक्टरबाईंनी मागून घेतलं. वरून तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मग कांद्याची पात आणि कोथिंबीर. सोबत कळण्याच्या पुऱ्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या. इंदूरचे काका एरवी जेवणात फार चोखंदळ, असं त्यांच्याच बायकोनं फोनवर सांगितलं होतं. ते चौथ्यांदा वाढून घेताना मला दिसले.

शनिवार : सोनगीर, चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेडा

सकाळी सामानाचा प्रश्न आला. दोन सीटच्या गाडीत दोन माणसं बसली की पिशवी ठेवायला मांडीच उरते. मामांनी बोलेरो काढली. ‘सामान घेऊन मागून येईन, रस्त्यात कुठे आडवा येणार नाही’, या बोलीवर. पुढच्या तीन दिवसांत ही बोलेरो सामानगाडी, अँब्युलन्स, चहाची टपरी आणि पोलिसांशी बोलायची जागा अशी सगळी कामं करून गेली. असा मेळावा कुणाला भरवायचा असेल तर माझा सल्ला एवढाच, स्पोर्ट्स कार किती येतात ते नंतर बघा, आधी एक बोलेरो ठरवा.

सोनगीरपर्यंत आग्रा रस्ता, सरळ आणि रुंद. तिथे गोव्याच्या वहिनींनी तांब्याचा हंडा घेतला. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी सोनगीरचं नाव आहेच. हंडा बोलेरोत गेला. तिथून दोंडाईच्याकडे वळलं की खरी परीक्षा सुरू होते, कारण गाव आलं की गतिरोधक आला. सरकारी गतिरोधक ओळखू येतो, पांढरे पट्टे असतात. गावानं हौसेनं केलेला मात्र डांबराचाच, त्याच रंगाचा, अर्धा हात उंच. आमच्या गाडीचं पोट त्याला घासणारच. उपाय असा की गाडी जवळजवळ थांबवायची आणि तिरकी घालायची, म्हणजे एका वेळी एकच चाक चढतं. मागचा ट्रकवाला हॉर्न मारतो, मारू द्यायचा. शेजारी बसलेला माणूस जड असेल तर त्याला उतरवायचं. इंदूरचे काका एकटे होते, त्यांचं हे काम वाचलं.

चिमठाण्याच्या पुढे नाशिकवाल्याला एक गतिरोधक दिसला नाही. ‘टरक्’ असा आवाज माझ्यापर्यंत आला. फायबर पत्र्यासारखं चेपत नाही, सरळ तडकतं. पुढच्या बंपरचा खालचा ओठ डावीकडे वीतभर फाटून लोंबत होता. मामांनी बोलेरोतून ठिबकची काळी नळी बांधायची तार आणि चिकटपट्टी काढली. तेवढ्यावर गाडी सारंगखेड्याला पोचली.

सारंगखेडा तापीच्या काठी, एकमुखी दत्ताचं गाव. दत्तजयंतीला यात्रा सुरू होते आणि घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश, पंजाब, कुठून कुठून व्यापारी येतात. आता त्याला जोडून चेतक फेस्टिव्हलही असतो. पण बघायचं ते व्यवहाराचं. घोडा घेणारा आधी ओठ उचलून दात बघतो, त्यावरून वय. मग चारही पाय आणि कपाळ पांढरं आहे का, म्हणजे पंचकल्याणी. गळ्याखाली देवमण, म्हणजे केसांचा शुभ भोवरा, आहे का, अंगावर नको तिथे भोवरा नाही ना. शेवटी चाल. विकणारा लगाम धरून स्वतः अनवाणी पळतो आणि घेणारा फक्त पायांकडे बघत राहतो. एक नुकरा घोडा मी बराच वेळ पाहिला, दुधासारखा पांढरा, नाकपुडी गुलाबी. किंमत विचारायचं धाडस झालं नाही. ज्या किमतीला तो नंतर गेल्याचं ऐकलं, तेवढ्यात आमच्या पाचही गाड्या आल्या असत्या आणि बोलेरोही.

गाड्या आम्ही बाजाराच्या बाहेर, कडेला लावल्या होत्या. परत आलो तर गर्दी घोड्यांपेक्षा तिथे जास्त. ‘‘एव्हरेज कितला देस?’’ हा पहिला प्रश्न, खानदेशात तो विमानालाही विचारतील. एका फेटेवाल्या आजोबांनी ताकद विचारली. साठ घोड्यांची, असं मी सांगितलं. ते हसले नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून चाकं पाहिली आणि म्हणाले, ‘‘साठ घोडा शेतस? मंग चारा कितला लागस?’’ मग बॉनेटवर टिचकी मारली, आवाज ऐकला, दुसरीकडे मारली. ‘‘पत्रा नही शे हाऊ. टाकीना माल शे.’’ एका टिचकीत त्यांनी ओळखलं. जुनी स्टॉर्म विकत घेताना शहरातली माणसं सर्व्हिसचे कागद मागत बसतात. त्याऐवजी हे आजोबा सोबत न्यावेत.

आणि टाकीचा माल म्हटल्यावर मामांची ट्यूब पेटली. शहाद्यात त्यांच्या ओळखीचा एक जण फायबरच्या कूलरच्या बॉड्या आणि शेतातल्या टाक्या करतो. खानदेशातला उन्हाळा माहीत असलेल्याला कूलरचा कारागीर किती कामाचा माणूस आहे ते सांगायला नको. संध्याकाळी त्याच्या शेडमध्ये गाडी उभी राहिली. त्यानं स्पोर्ट्स कार म्हणून काहीही कौतुक केलं नाही. तडा आतून बघितला, टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे धावत नाही. दोन्ही बाजू खरवडून रंग उतरवला, कारण रंगावर रेझिन, म्हणजे फायबर जोडणारा चिकट रस, धरत नाही. काचेच्या धाग्यांची मॅट कात्रीनं कापली, आधी लहान तुकडा, त्यावर मोठा, त्यावर आणखी मोठा. रेझिनमध्ये ते लवकर पक्कं करणारं कोबाल्ट आधीच मिसळलेलं होतं, हार्डनर त्यानं झाकणानं मोजून घातलं. थंडी होती म्हणून नेहमीपेक्षा जरा जास्त, नाहीतर रात्रभर चिकट राहिलं असतं. ब्रशनं ठोकत ठोकत एकेक थर भिजवला, एकही बुडबुडा ठेवला नाही. आपल्या मुलाला तो मधूनमधून ‘हात लावून बघ, गरम झालं का’ असं विचारत होता. गरम झालं की पक्कं होतंय. तासाभरात बंपर एवढा घट्ट झाला की नाशिकवाल्यानं त्यावर पाय ठेवून पाहिला. रंग मात्र कूलरचा फिकट निळा, दुसरा नव्हताच. आतल्या बाजूनं का होईना, ती गाडी आता शहाद्याची आहे.

पैसे किती, विचारल्यावर त्यानं मामांकडे पाहिलं. मामांनी मान हलवली. पुन्हा तेच.

रविवार : तोरणमाळ

टाक्या शहाद्यातच भरल्या, वर भरवसा नको. म्हसावदच्या रस्त्याला लागलो तर पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दोन्हीकडून ऊस लोंबणारा, दिवा एकही नाही. आमच्या नजरेच्या उंचीला ट्रॉलीचा आस येतो, रस्ता दिसतच नाही. वीसच्या वेगानं मागे चालताना डॉक्टरबाई फोनवर (थांबलेल्या असताना, हे त्यांच्या वतीनं सांगतो) म्हणाल्या, हाच ऊस उद्या इथेनॉल होऊन आपल्या टाकीत येणार आणि नळ्या खाणार. त्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायची घाई कोणी केली नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या या रस्त्यांवर हंगामात घाई करणारा घरी उशिरा पोचतो.

राणीपूर सोडलं की साग सुरू होतो आणि सात पायरीचा घाट लागतो. इथे पहिल्यांदा या गाडीत आपण का पैसे घालतो ते मला आठवलं. चढ, लगेच वळण, पुन्हा चढ. साठ हॉर्सपॉवर पुरून उरते. दुसरा गिअर, जरा आवाज, वळणात स्टेअरिंगनं सांगितलं तेवढंच नाक वळतं, गाडी झोल खात नाही. वेग विचाराल तर चाळिशीच्या आत. शर्यत नाही, ओव्हरटेक नाही, प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न, हे खालीच ठरलं होतं, कारण वरून टपावर माणसं घेतलेल्या जीप उतरत असतात आणि घाट त्यांचा आहे, आपण पाहुणे. रिक्षाच्या हॉर्नचा आवाज सगळ्यांत चांगला घुमला.

वर साडेतीन हजार फुटांवर गार वारा, यशवंत तलाव, गोरखनाथाचं मंदिर. महाशिवरात्रीला इथे यात्रेची रीघ लागते, डिसेंबरात निवांत असतं. सीताखाईच्या कड्यावर उभं राहून इंदूरचे काका बराच वेळ दरीत बघत राहिले. मग म्हणाले, पलीकडे आमचं मध्य प्रदेश, आणि मी इतकी वर्षं इथे आलोच नाही. तलावाच्या काठी पोरं जमली, त्यांना एकेक चक्कर हवी होती. दोन सीट, म्हणजे एका वेळी एकच पोरगं. रांग लागली. गोवेकर दादा दुपारभर तेवढंच करत होते; आमच्यापैकी सगळ्यांत जास्त किलोमीटर त्या दिवशी त्यांचे झाले असतील, तेही तलावाच्या काठानं. मामांनी बोलेरोतून स्टोव्ह काढून चहा केला आणि चक्कर मारून आलेल्या प्रत्येकाला एक बिस्किट दिलं.

उतरताना ब्रेकवर सारखा पाय न ठेवता गिअरमध्ये उतरायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. खाली पोचल्यावर तरी एका गाडीच्या चाकातून वास आलाच. कुणाच्या ते लिहीत नाही.

सोमवार : नंदुरबार

प्रकाशाला तापीवर थांबून नंदुरबारला आलो. इथे मिरचीच्या पथाऱ्या बघायच्या होत्या. शहराबाहेर एकरच्या एकर मोकळ्या जागेत ओली लाल मिरची वाळत पसरलेली असते, बाया तोंडाला फडकं बांधून ती उलटवत असतात. फोटो सुंदर येतात म्हणून आम्ही गाड्या जवळ नेल्या, छतं उघडी. वारा फिरला. पुढची दहा मिनिटं पाच गाड्यांतली माणसं फक्त शिंकत होती, आणि पथारीवरच्या एका मावशी हसून हसून खाली बसल्या. त्यांनी सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: इथे यायचं ते सकाळी, दव असताना. तेव्हा मिरची उडत नाही.

मग खरेदी. पाच-पाच किलो प्रत्येकानं घ्यायची ठरली आणि ठेवायची कुठे यावरून वाद झाला, कारण बोलेरो इथून धुळ्याला परतणार होती. डॉक्टरबाईंनी पान्यांची पेटी पायाशी घेतली आणि मिरचीच्या गोणीला सीटबेल्ट लावला. गोवेकरांकडे हंडा होता, मिरची हंड्यात गेली, हंडा वहिनींच्या मांडीवर. नाशिकवाल्यानं हात वर केले आणि कुरिअरची चौकशी करायला गेला.

निघताना इंदूरच्या काकांनी जाहीर केलं, पुढची भेट इंदूरला, सराफ्यात रात्री खायला. साधीच, फार कोणाला सांगू नका, म्हणाले. सगळे हो म्हणाले आणि आपापल्या रस्त्याला लागले, कोणी साक्रीकडे, काका खेतियाकडे. मामा बोलेरोत डिझेल भरत होते. मला हाक मारून विचारलं, इंदूरला बॅनर कुठे छापून मिळतं.